हैबतीची जीप

"रिसॉर्ट झालंच पाहिजे!" करत बाजारातले दुकानदार हैबतीच्या, तालुक्याला प्रवासी नेणाऱ्या वडाप जीपवर तुटून पडले. रिसॉर्टला गावचं गायरान द्यायला ग्रामसभेत त्या एकट्यानंच नकार दिलेला. बॉनेट फोडलं, आतली बॅटरी फोडली, हैबतीचं डोकंही फोडलं. नानाशेट किराणावाल्यानं टायरवर कोयता घातला, तो सटकून त्याच्याच मांडीत रुतला. रक्ताची चिळकांडी उडाली आन् समदा बाजार मागं सरला.

दवाखाना तालुक्याला, गावात गाडी ही एकच.

"हैबती, वाचीव रं," नानाशेट कळवळला.

हैबती म्हनला, "रिसॉर्टवाला अँब्युलन्स आणणार व्हता न्हवं? थांब की तवर!"

नानाशेट पांढराफटक पडला. हैबतीनं स्वतःच्या फुटक्या डोक्याला बांधलेला टॉवेल सोडून त्याच्या मांडीला आवळला.

"चढ, भाड्या. जगलास तर गायरानावरनं परत भांडू." आन् दुकानदारांकडं वळून गरजला, "बघता काय? बॅटरी फोडलीसा, आता ढकला!"