दुपारचा खेळ

जावई रडत होता. तोंड लपवून नाही, चांगला हुंदके देऊन. दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. "बाळ राहिलं नाही, आई ठीक आहे," एवढं सांगून नर्स आत गेली होती. तेव्हापासून त्याच्या रडण्याला खंड नव्हता.

सासरे भिंतीला खांदा टेकून उभे होते. त्यांच्या गॅरेजात त्यांना सगळे, काउबॉय सिनेमातल्या फौजदारावरून, शेरीफ म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडे. घोड्यावरून एकटाच गावात शिरणारा, चार शब्दांत काम भागवणारा तो परदेशी नट म्हणजे त्यांचं दैवत. त्याचा एकही सिनेमा त्यांनी सोडला नव्हता. पट्ट्याचं पितळी बक्कल त्याच्यासारखं, डोळे बारीक करून बघणं त्याच्यासारखं, आणि हे असं एक पाय दुमडून भिंतीला टेकणंही त्याचंच. तो सिनेमात मित्राला पुरायचा, भावाला पुरायचा; मातीचं शेवटचं फावडं टाकलं की टोपी चढवून चालू लागायचा. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. पुरुष म्हटला की असा, हे शेरीफ गॅरेजातल्या कारागिरांना वर्षानुवर्षं ऐकवत आले होते.

आत्ता त्यांना काहीच वाटत नव्हतं. हात जड झाले होते, कानांत दडे बसल्यासारखं झालं होतं. डोक्यावरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, एवढं मात्र कळत होतं.

"सावरा आता," ते जावयाला म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत." जावयानं नाकसुद्धा पुसलं नाही. "माझी मुलगी होती ती, बाबा."

शेरीफच्या हिरोला असं कधी कुणी बोललंच नव्हतं.

दार उघडून नर्सनं जावयाला आत बोलावलं. "जरा बोलतं करा त्यांना," ती म्हणाली. "एक शब्द नाही, डोळ्यांत टिपूस नाही." तो तसाच ओल्या तोंडानं आत गेला. दार अर्धवट उघडं राहिलं.

लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. जावयानं चपला काढल्या, अंग चोरून खाटेच्या कडेला तिच्यामागे आडवा झाला आणि तिच्या पाठीला कपाळ टेकून पुन्हा रडू लागला. बराच वेळ त्याचा एकट्याचाच आवाज येत होता. मग लेकीचे खांदे हलले.

"हाच असा मोडून पडला, तर तिला कोण धरणार?" शेरीफ म्हणाले.

बाकाच्या टोकाला त्यांची बायको बसली होती. ती आत बघत होती.

"धरलंय की त्यानं."

शेरीफनी पाय खाली घेतला. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले.

"आपलं पहिलं गेलं तेव्हा मीही अशीच पडले होते, भिंतीकडे तोंड करून," बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता. दूध संपलंय म्हणून सांगावं, तसं तिनं सांगितलं. "तुम्ही डॉक्टरांशी बोललात, मला डबा आणून दिलात आणि सिनेमाला गेलात. दुपारच्या खेळाला. जाऊबाईंनी सांगितलं मला."

एवढ्या संसारात हे तिनं कधी काढलं नव्हतं.

"कुठला होता हो?" तिनं विचारलं.

ज्यांना त्या नटाच्या प्रत्येक सिनेमातल्या घोड्याचा रंग सांगता यायचा, ते म्हणाले, "आठवत नाही."

आत आता दोघांचं रडणं एकमेकांत मिसळलं होतं, कुठलं कुणाचं कळत नव्हतं.

"थिएटरात अंधार असतो," शेरीफ हळूच म्हणाले. "कुणी बघत नाही."

बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघांच्या मध्ये ठेवलेली कपड्यांची पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली. बाकावर जागा झाली. शेरीफ मात्र होते तिथंच, गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले.