लिस्बनच्या घराला लिफ्ट नाही

"लिफ्ट नाही," गिरीश म्हणाला. "चार मजले, लाकडी जिना आणि लिफ्ट नाही. याचे पैसे घेतात हे लोक?"

 विभा जेवणाच्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसली होती. गिरीश एका हाताने वरणभात कालवत होता आणि दुसऱ्या हाताने तिच्या फोनवरचे फोटो पुढे सरकवत होता. लिस्बनच्या जुन्या वस्तीतलं तीनशे वर्षांचं घर. भिंतींना निळ्या फरश्या. नदीकडे उघडणारी खिडकी, खिडकीपाशी दोन खुर्च्या. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला विभाने एवढंच मागितलं होतं: एक आठवडा, ती खिडकी आणि समोरच्या खुर्चीत नवरा. शेवटची मागणी जरा धाडसाची होती, हे तिलाही ठाऊक होतं.

"मोठ्या भूकंपातसुद्धा पडलं नाही म्हणे हे घर."

"नाही पडलं."

"दुर्दैव."

गिरीश रियाधमधल्या एका बँकेत जोखीम विभागात होता. कुठे काय कोसळू शकतं हे आधीच ओळखण्याचा त्याला पगार मिळे. घरी तो हेच काम विनामूल्य करी.

"आणि हे वाच. 'रात्री दार हळू लावावे, खाली वृद्ध शेजारी राहतात.' म्हणजे पैसे मोजून चोरासारखं राहायचं!"

"दार हळू लावलंस तर मरणार नाहीस, गिरीश."

"लावायचा प्रश्नच नाही. मी येत नाहीये." त्याने घास घेतला. "माझं तिकीट रद्द कर. तू ये जाऊन एकटी. एकदा ते चार जिने चढलीस की युरोपचं भूत उतरेल. रडत फोन करशील, मला घरी ने म्हणून."

विभाने मान वर केली. "रद्द करू?"

"कर."

"नक्की?"

"तीनशे वर्षं ते घर माझ्यावाचून उभं आहे, विभा."

तिने तिकीट रद्द केलं. त्याला फार वेळ लागला नाही.

आता राहिला तिचा व्हिसा. सौदीत यायला लागतो तसा सौदीतून निघायलाही व्हिसा लागतो, आणि तो कफील, म्हणजे तिथला जामीनदार, काढतो. नोकरदाराचा कफील कंपनी, बायकोचा कफील नवरा. ही व्यवस्था गिरीशला इतकी आवडे की प्रत्येक पार्टीत तो सांगे, "भटजी सात जन्मांचं नुसतं बोलून गेले. इथे सरकारने लिहून दिलंय." मात्र सरकारी साइटवर कफिलाने करायची सगळी कामं विभा करी. गिरीशला त्यातलं काही कळत नसे. कफील फक्त ओटीपी वाचून दाखवी.

"लवकर उरक. जाऊन परत यायची फी घेतात, लुटारू," तो म्हणाला. "आणि तिथून ज्ञानदाकडे पुण्याला वळायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. नोकरी लागली म्हणून आईसाठी खोली सजवून बसलीये कार्टी. तिला काय, सांगणारं कोणी नाही. इथे माझ्या डब्याचं कोण बघणार?"

विभाचं बोट कळफलकावर थांबलं.

"काय झालं? अडकलं?"

"नाही. वाचतेय."

"त्यात वाचायचं काय? दर वर्षी तेच असतं. दाब."

विभाने दाबलं.

"आकडे सांग," ती म्हणाली.

गिरीशने डाव्या हाताने आपला फोन उचलला, लांब धरला आणि चारही आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले. पाठोपाठ अरबीत दोन ओळींचा मेसेज आला. तो त्याने सवयीप्रमाणे पुसून टाकला.

"किती कापले?"

"या वेळी काहीच नाही."

"काहीच नाही?" संध्याकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. "सुधारतोय हा देश."

दारावरची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरचा श्यामकांत होता. रियाधमधला गाशा गुंडाळून तो बायकोसह कायमचा नाशिकला निघाला होता. इथून निघणारी माणसं सोफे विकतात, मसाल्याचे डबे वाटतात आणि कढीपत्त्याची कुंडी मागे राहणाऱ्याच्या हवाली करतात. या उन्हात कढीपत्ता जगवायचा म्हणजे पोर सांभाळण्यासारखं काम. श्यामकांतने आणलेली कुंडी अशीच कितीतरी घरं फिरून त्याच्याकडे आली होती.

"वहिनी, आता तुमच्या ताब्यात."

विभाने हात पुढे केले नाहीत. "गिरीशकडे द्या, भावोजी. एक दिवसाआड पाणी घाल रे. आणि दुपारी आत घेत जा."

"मी? आठवड्यात तर येतेयस परत!" गिरीशने हसत कुंडी खरकट्या हाताने छातीशी धरली. "ही चाललीये लिस्बनला, श्याम. एकटी. लिफ्ट नसलेल्या घरात. पण गंमत ऐक, आत्ताच व्हिसा काढला आणि फुकट! एक रियाल कापला नाही."

श्यामकांतने विभाकडे पाहिलं. ती लॅपटॉप मिटत होती. अगदी हळू, जणू खालच्या मजल्यावर कुणी वृद्ध शेजारी झोपले असावेत.

"गिरीश," श्यामकांत म्हणाला, "फी परत येणाऱ्यांना पडते. फुकट आमचं झालं होतं."