लाल शाईतली ओळ

“आज पुस्तक नको, बाई. आज ही वाचते.” सखुबाईने पिशवीतून एक जुनी वही काढली आणि कल्पिताबाईंच्या पुढ्यात ठेवली.

बाईंनी कव्हरवरचं नाव पाहिलं. निकेत, इयत्ता तिसरी. सखुबाईचा एकुलता एक मुलगा. मोठा होऊन न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. मार्गशीर्षात घाटात ट्रेलर उलटला आणि तो गेला. तेरावं झालं आणि पंधरा दिवसांत सखुबाई नागावच्या शाळेत मोठ्या बायकांच्या वर्गाला येऊन बसली. दिवसभर होमस्टेच्या चादरी धुवायच्या आणि चार वाजता ओल्या पदरानेच यायचं. या वयात कशासाठी शिकायचंय, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. ते बाईंना आत्ता कळलं.

बाकीच्या बायका निघून गेल्या होत्या. व्हरांड्यात दोघीच.

“वाचा,” बाई म्हणाल्या. “घाई करू नका.”

सखुबाईने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “मा-झी आ-ई. माझी आई. माझ्या आईचे नाव सखुबाई आहे ती मिठागरावर...”

“‘आहे’नंतर पूर्णविराम आहे. तिथे थांबायचं. श्वास घ्यायचा.”

सखुबाईने श्वास घेतला. “ती मिठागरावर कामाला जाते. तिला पुस्तक वाचता येते. ती मला रोज गोष्ट वाचून दाखवते. पुस्तकात ह... हत्ती आहे. तो आजारी पडतो तेव्हा माझी आई रडते.”

“शाब्बास. जोडाक्षर बरोबर आलं.”

निबंध तिथेच संपत होता. बोट खाली सरकलं. खाली लाल शाईत एक ओळ होती आणि तिच्याखाली अंगठ्याचा निळा ठसा. लाल अक्षर बाईंनी लांबूनच ओळखलं. घाईतलं, डावीकडे कललेलं. त्यांचंच. पण हे कधी लिहिलं ते आठवेना. पोरगासुद्धा धड आठवेना. साठ वह्या असायच्या, एका तासात तपासायच्या.

“ह्यो माजा अंगठा,” सखुबाई म्हणाली. “निकू म्हनला, बाईंनी शाबासकी लिवलीय, खाली अंगठा दे. मी त्याला नाक्यावरनं जिलबी आनली व्हती.” ती किंचित हसली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच. “वाचू?”

“राहू द्या ते,” बाई घाईने म्हणाल्या. “छान, असं लिहिलंय. छान लिहिलेस. चला, उशीर झाला, मिटा वही.”

सखुबाईने वही मिटली नाही. डोळ्यांजवळ नेली.

“छ न्हाय, बाई,” ती हळूच म्हणाली. “ख हाय.”



“खो-टे. खोटे. लि-हू... न-ये.” पूर्णविरामाला ती थांबली. श्वास घेतला. “पा-ल-कां-ची सही आ-णा-वी.”

शेजारच्या वाडीत पाण्याचा पंप सुरू झाला. सखुबाईने ओळ पुन्हा एकदा वाचली, या वेळी न अडखळता.

“मला माहीत नव्हतं, सखुबाई,” बाई म्हणाल्या. “म्हणजे, तुम्ही अंगठा लावता हे माहीत होतं. म्हणूनच मला वाटलं, पोरगा...” 

“खोटं न्हवतं त्ये.” सखुबाईचा आवाज चढला नाही. “पुस्तक मांडीवर घिऊन बसायची मी. चित्रं बघून मनाचंच सांगायची आन् वळीवरनं बोट फिरवायची. त्याला वाटायचं, आई वाचती. हत्तीचं सांगताना मलाच रडू यायचं.”

तिने वही पिशवीत घातली, उठली, पायरीपर्यंत गेली.  तिथून ती वळली.

“त्या दिवसापासनं त्यानं पुस्तक कदी मांडीवर आनून दिलं न्हाय,” ती म्हणाली. “मी म्हनलं, पोर मोठं झालं.”