मोक्याची जागा

मासे हमखास कुठे लागतात, याबाबत थोरल्याने सख्ख्या भावालाही आयुष्यभर ताकास तूर लागू दिली नव्हती. आज मात्र तो आपणहून त्याच्या दारात गेला.

“दीपस्तंभ आणि बर्फाचा कारखाना एका रेषेत दिसले, की तिथेच जाळं टाक.”

धाकट्याला गहिवरून आलं. “दादा, मग माझीही जागा ऐक.”

हे कळल्यावर घरी बायको हरखली. “मग उद्या भावजींच्या जागेवर जाणार ना?”

“कशाला? समुद्र तापलाय, मासे केव्हाच दूर गार पाण्याकडे गेलेत. तिथे मासे असते, तर त्याने सांगितलं असतं का?”

“काहीतरीच तुमचं! तुम्ही नाही का सांगितलंत?”

थोरल्याने खुंटीवरच्या जाळ्याकडे पाहिलं. महिना झाला, ते ओलं झालं नव्हतं.