हाडाची हाक

एक्स-रे उजेडापुढे धरून डॉक्टर म्हणाले, "पाच महिने झाले, पायाचं हाड अजून जुळलेलं नाही. मोडलेल्या हाडातल्या पेशी नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतात. इथं त्या येतच नाहीयेत. आजी, तंबाखू खाता?"

"उभ्या जन्मात नाही," सगुणाच्या सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

"मिश्री?"

"ती होय. ती दात घासायला. चार-पाचदा लावते."

"मिश्री म्हणजे तंबाखूच, आजी. तीच रक्तवाहिन्यांना अडवतेय."

शेजारी उभ्या सगुणानं बोटं पदरात लपवली. पाय मोडल्यापासून म्हातारीला तेवढाच विरंगुळा, म्हणून रोज सकाळी ती तव्यावर तंबाखू काळीभोर भाजून, कुटून, सासूची डबी भरून ठेवत होती.

सासूबाई सुनेकडे वळल्या. "सांग गं यांना, त्यात वाईट काही नसतं. तूच तर करतेस."