उतरवणारा वैमानिक

धुळ्याच्या धावपट्टीशेजारी एका छोट्या विमान कंपनीत मृदुला खानविलकर वैमानिकांचे उड्डाण-आराखडे भरून पाठवायची. गेल्या वर्षापासून आराखडा पाठवला की त्या उड्डाणाची अखेरची नोंदही लगेच उलट यायची, विमान उडण्याआधीच. ती नोंद एकदाही चुकली नव्हती.

आज रत्नागिरीला औषधं न्यायची होती. उत्तर आलं, 'उडवणार : फिरोज तडवी. उतरवणार : मृदुला खानविलकर.'

मृदुलाने ते तीनदा वाचलं. सहा वर्षांपूर्वी उतरताना तिचं विमान धावपट्टीवरून घसरलं होतं. तेव्हापासून वैमानिकाचा परवाना चालू ठेवूनही तिने विमानाला हात लावला नव्हता.

तिने नोंद फिरोजला दाखवली. "फिरोजभाऊ, तब्येत बरी आहे ना? आज रद्दच करू या."

"ठणठणीत आहे, ताई. तिकडे औषधांची वाट बघतायत. नोंदीत तुमचं नाव आहे, तर चला सोबत."

ती शेजारी बसली. वाटभर ती फिरोजचा चेहरा न्याहाळत राहिली. आता याला घाम फुटणार, मान कलंडणार... पण तो मजेत गुणगुणत होता. रत्नागिरीची धावपट्टी दिसताच त्याने नियंत्रणावरचे हात काढले.

"काय होतंय?" ती किंचाळली.

"काहीच नाही. पण नोंद खोटी कशी पडू द्यायची? घ्या, ताई."

मृदुलाने विमान उतरवलं. जरा आदळलं, पण सरळ उतरलं. नोंद आली म्हणून तिने उतरवलं, की ती उतरवणार होती म्हणून नोंद आली, हे तिला काही केल्या उमगेना. परतीचा आराखडा भरताना ती वैमानिकाच्या रकान्यापाशी अडखळली. मग तिने तिथे स्वतःचं नाव लिहिलं.