मंडळी कुठं बसतात?

दारू सोडायची होती, पण सिन्नरात कुणाला कळता कामा नये, म्हणून गंगाधर गुरुजी जीपने नाशिकला द्वारका चौकात उतरले. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचा पत्ता फोनवर अर्धाच मिळाला होता. पलीकडचा म्हणाला होता, "आमची पाटी नसते. सगळं गुपित असतं."

पाटी नाही म्हटल्यावर विचारणं आलं. "शनिवारी इथं मंडळी कुठं बसतात हो?" गुरुजींनी दबक्या आवाजात विचारलं. पानवाल्याने डोळा मारून बार दाखवला. रिक्षावाल्याने दुसरा दाखवला. इस्त्रीवाला तर म्हणाला, "चकणा बाहेरूनच न्या, आत महाग पडतो."

जीपस्टँडसमोरच्या चौथ्या बारच्या दारात गुरुजींचा संयम सुटला. ते ओरडले, "अरे, प्यायला नाही! माझी दारू सुटत नाही! ती सोडवणारे कुठं बसतात?"

सगळा चौक वळून बघू लागला. मग दहा हातांनी शाळेमागची खोली दाखवली. तिथं सगळ्यांनी धीर दिला, "इथलं बाहेर जात नाही, गुरुजी."

हलक्या मनाने ते परतीच्या जीपपाशी आले.



ड्रायव्हर अदबीने म्हणाला, "या गुरुजी, पुढं बसा. मघाच्या जीपनं सिन्नरला निरोप धाडलाय, तुमाला आता कुनी 'बसू' म्हननार नाय."